भूलघडी : कथामालिकेच्या कामाच्या नोंदी

१० जानेवारी २०२५

मालिकेत दहा कथा, प्रत्येकी तीन ते साडेतीन हजार शब्दांची, सगळ्या सोलापुरात घडणाऱ्या. जादू येणारी माणसं जादू न येणाऱ्यांच्या खोड्या काढतात, आणि खोडी उघडी पडू नये म्हणून त्यांच्या आठवणींत हात घालतात, एवढाच विषय.

आधी शब्द ठरवले. जादू येणारे ते ‘जाणते’, बाकी सगळे ‘नेणते’. नेणता म्हणताना थोडी माया असते आणि थोडी तुच्छताही. जाणत्यांच्या तोंडी दोन्ही ऐकू यायला हव्यात. वस्तूवर केलेली करामत ती ‘खोडी’. आठवण काढून घेणं ती ‘भूल’. ऑपरेशनआधी देतात तीच. माणसाला काय झालं ते कळत नाही, पण टाके तर असतातच. रिकाम्या जागी बसवलेली खोटी आठवण ती ‘भरणी’, आणि गेलेलं परत आणायचा उपाय तो ‘उतारा’. ‘मायाजाल’, ‘मोहिनीमंत्र’ बाद. हे शब्द आले की पात्रं पौराणिक मालिकेतल्यासारखी बोलायला लागतात.

पहिला नियम: खोडी वस्तूवर बसते, माणसावर बसत नाही. आणि एका वस्तूचा एकच गुण बदलतो: माप, वजन, ओल, आवाज किंवा जागा. दोन गुण एकदम बदलले की वाचक हिशोब ठेवणं सोडतो, आणि हिशोब सुटला की गंमतही जाते.

१२ जानेवारी

सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यसैनिकांना १९३१ साली आजच्याच तारखेला येरवड्यात फाशी दिली. इंग्रजांनी शहरात लावलेला १९३०चा मार्शल लॉ आणि हे चौघं यांना मालिकेत जादूचा स्पर्शही होणार नाही. पात्रं हुतात्मा पुतळ्यांच्या चौकातून जातील, एवढंच. शहराच्या खऱ्या दुःखामागे एखादा जाणता उभा करणं हा लेखनातला सोपा मार्ग आहे, आणि तो त्या माणसांचं कर्तृत्व काढून घेतो.

१३ जानेवारी

खोडी क्रमांक १: आखडणारी किल्ली. या प्रकारच्या कथांत ती नेहमी येते आणि नेहमी चुकते. किल्ली सुईएवढी होते, माणूस ती शोधत बसतो, वाचक हसतो. एवढं आखडायची गरजच नाही.

सहा लिव्हरचं कुलूप घ्या. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली लिव्हर ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. सगळ्यांच्या खाचा एका ओळीत आल्या की कडी सुटते. लिव्हर एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या असतात, जाडी साधारण एक मिलिमीटर धरू. किल्लीचा आत जाणारा भाग २५ मिलिमीटरचा असला तर दोन टक्के आखडण्याने दाते अर्धा मिलिमीटर सरकतात, आणि दात्याचा कोपरा शेजारच्या पट्टीला लागतो. साठ मिलिमीटरची किल्ली ५८.८ची झालेली डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. एवढंच हवं.

मग घरातलं माणूस काय करील? आधी तेल सोडील. मग मुलाला विचारील, किल्ली कुठे वाकवलीस. डुप्लिकेट असेल तर किल्लीवाल्याकडे जाऊन भांडेल. किल्लीवाल्याने बिचाऱ्याने ती बरोबरच कापलेली असते. तो नवीन कापून देतो, पैसे घेत नाही, आणि त्या दिवसापासून पेठेत त्याच्या हाताविषयी कुजबूज सुरू होते. कथा इथे आहे. आखडलेल्या किल्लीत ती नव्हती.

यातून प्रत्येक खोडीच्या तक्त्याला शेवटचा रकाना मिळाला: ‘दोष कोणावर?’ वस्तू, बदललेला गुण, किती वेळ, कोणाला दिसतो हे आधीचे चार रकाने सगळेच लेखक मनात धरतात. पाचवा भरल्याशिवाय कथा लिहायला घ्यायची नाही.

१५ जानेवारी

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेची कथा. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा हे सगळं जसं आहे तसंच येईल. खोडी नंदीध्वजावर किंवा विधीवर नाही, हे आधीच ठरलं. ती गड्ड्यावरच्या खेळण्यांच्या एका पालात घडेल (आवाज हा गुण: पिपाणी फुंकली की हाक मारल्यासारखं फुंकणाऱ्याचं नाव ऐकू येतं).

अडचण साक्षीदारांची. एवढ्या गर्दीला भूल कशी देणार? द्यायचीच नाही. मिरवणुकीतले मानकरी आणि भक्त सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात. ‘कोण होता?’ याला सगळ्यांचं उत्तर एकच, ‘पांढऱ्या कपड्यातला.’ गर्दीचा गोंधळ जाणत्याचं अर्धं काम करतो. उरतो पालवाला. त्याने चेहरा जवळून पाहिलेला आहे.

२० जानेवारी

आज सगळ्यात अवघड भाग. सोलापूर, मराठवाडा आणि कर्नाटकाची सीमा या पट्ट्यात घरावर दगड पडणं, वाळत घातलेले कपडे पेटणं, अंगावर फुल्या उमटणं यांना एक नाव तयार आहे: भानामती. अशा घटनांच्या मागे माणसाचाच हात निघतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. तो हात सापडेपर्यंत मात्र गल्लीतल्या एखाद्या बाईवर करणीचा आळ येऊन गेलेला असतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याचं जगणं अवघड करणं हा या कायद्याने गुन्हा आहे.

कथेत आपोआप हलणारी भांडी दाखवताना हे डोळ्यांआड करता येणार नाही. दुसरीकडच्या गोष्टींतला नेणता फार तर चक्रावतो. इथला नेणता कारण शोधतो, आणि कारण म्हणून बहुतेक वेळा एकटी राहणारी बाईच सापडते.

म्हणून दोन निर्णय. एक, भानामतीच्या ओळखीच्या खुणा (दगड, आग, फुल्या, अन्नात केस) यातली एकही खोडी म्हणून वापरायची नाही. दोन, चौथ्या कथेत जाणत्यांच्या पोरांनी काढलेल्या निरुपद्रवी खोडीचा आळ शेजारणीवर येतो, आणि खरं काय ते पोरांना ठाऊक असतं. पोरं बोलली तर त्यांचं जग उघडं पडतं. मालिकेतली ही सगळ्यात गंभीर कथा. ती चौथीच ठेवायची, म्हणजे त्यापुढची प्रत्येक खोडी वाचक वेगळ्या नजरेने वाचील.

‘मांत्रिक येतो आणि त्याला खरंच कळतं’ हे वळण कुठल्याही कथेत चालणार नाही. आमच्या जगातले जाणते मांत्रिक नाहीत, आणि मांत्रिक कधीही जाणता नसतो.

२६ जानेवारी

खोडीचं वजन मोजायची पद्धत: तिने किती मजुरी बुडते?

विड्यांची मजुरी हजारावर मिळते. दर जुडीतून एक विडी नाहीशी होणं ही कागदावर गोड खोडी वाटते. प्रत्यक्षात बाईचा हजार भरत नाही, मोजणीला ती खोटी पडते, आणि संध्याकाळचा एक तास पुन्हा पानं कापण्यात जातो.

नळाचंही तसंच. नळ पाणी मागे ओढून घेतो ही या प्रकारातली जुनी, हमखास हसवणारी खोडी. जिथे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तिथे ती पाण्याच्या दिवशी झाली तर घरात आठवडाभर पाणी नाही. तिसऱ्या कथेतला खोडकर बाहेरगावचा जाणता आहे. त्याला पाण्याचा दिवस म्हणजे काय तेच माहीत नाही, आणि कथेचा कणा तोच.

२ फेब्रुवारी

जुन्या ग्रंथांतले नियम तपासले, कारण हा विषय आपल्याकडे फार आधीपासून आहे.

वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात लहानगा हनुमान आश्रमांत जाऊन ऋषींच्या खोड्या काढतो: यज्ञाची भांडी फोडतो, वल्कलं फाडतो. चिडलेले ऋषी शाप देतात की त्याला आपल्या बळाचा विसर पडेल आणि कोणीतरी आठवण करून दिली तेव्हाच ते परत येईल. पुढे समुद्रकाठी जांबवान ती करून देतो. शक्ती असलेल्याने नसलेल्यांची काढलेली खोडी, त्याबद्दल भूल, आणि उतारा म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. आमच्या मालिकेची तिन्ही हत्यारं एकाच गोष्टीत आहेत. फरक एवढाच की तिथे भूल खोडी काढणाऱ्याला मिळते, खोडी सोसणाऱ्याला नाही. हा न्याय शेवटच्या कथांसाठी राखून ठेवला.

शाकुंतलात कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. महाभारतातल्या मूळ कथेत शापच नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तो भर सभेत नाकारतो. म्हणजे भुलीने राजाला दोषातून सोडवलं. लिहिताना हे सतत पाहायला हवं: भूल पडल्याने कथेत कोण सुटलं? अपराधी सुटत असेल तर लेखकाने ते जाणून करावं, नकळत होऊ देऊ नये.

कथासरित्सागराची चौकट आणखी उपयोगी. शापाने माणूस झालेला पुष्पदंत, म्हणजे वररुची, काणभूती पिशाचाला भेटतो. त्याला पूर्वजन्म आठवतो, कथा सांगून होते आणि तो सुटतो. मग काणभूती तीच कथा गुणाढ्याला सांगतो. सांगितल्याने सुटका. पुढच्या आठवड्यात जो नियम ठरवायचा आहे तो याच्या नेमका उलटा आहे.

९ फेब्रुवारी

भूल कशी देतात. हवेत काठी फिरवली आणि डोळे पांढरे झाले, एवढ्यावर भागणार नाही. पायऱ्या हव्यात, कारण पायऱ्या असल्या की चूक कुठे होते ते दाखवता येतं.

आधार २०००च्या एका प्रयोगाचा. नादर, शॅफ आणि लडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. मग तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूत प्रथिनं तयार होणं रोखणारं औषध सोडलं. भीती गेली. आठवण जागी न करता औषध दिलं तर काही झालं नाही, जागी केल्यावर सहा तासांनी दिलं तरीही नाही. साठवलेली आठवण पक्की असते. बाहेर काढली की काही काळ ओली राहते आणि परत वाळावी लागते.

सहा तास म्हणजे बरोबर दोन प्रहर. नियम असा बसला:

नेणत्याने प्रसंग स्वतःच्या तोंडाने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला हवा. जाणता मध्ये बोलत नाही, फक्त ‘मग?’ म्हणतो. सांगून झाल्यापासून दोन प्रहरांच्या आत भूल द्यायची. सांगताना जे गाळलं ते जात नाही. जे दुसऱ्याला आधीच सांगून झालं आहे ते ऐकणाऱ्याकडे राहतं, त्याला वेगळी भूल लागते.

याचा परिणाम संपूर्ण मालिकेवर होतो. भूल देणारा माणूस दिसायला दयाळू असतो. तो चहा ठेवायला सांगतो, पायरीवर बसतो, म्हणतो, ‘घाबरू नका काकू, काय झालं ते नीट सांगा बरं.’ तिसऱ्यांदा हे वाक्य आलं की वाचकाच्या अंगावर काटा यायला हवा. त्यासाठी ते प्रत्येक कथेत शब्दशः तेच ठेवायचं, एक अक्षरही बदलायचं नाही.

१४ फेब्रुवारी

हातांची आठवण. १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून हेन्री मोलेसनच्या मेंदूचा भाग काढला. त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या लक्षात राहीनात. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आधी कधी गिरवली होती हे मात्र त्याला दरवेळी नवीनच असायचं.

पाचव्या कथेत सुनेच्या मनातून सासू काढून घेतलेली आहे. शेंगा चटणीचं प्रमाण तिला कोणी शिकवलं ते आठवत नाही. पाव किलो भाजलेले शेंगदाणे, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, मीठ, हे कुठल्याही पाकिटावर मिळेल. पण उखळात कुटताना तेल सुटू लागलं की मुसळ कधी थांबवायचं हे हाताला येतं आणि हातालाच राहतं. ती बरोबर त्या क्षणी थांबते आणि आपण का थांबलो ते तिला कळत नाही. हा प्रसंग दीड पानाचा असावा. त्यात ‘आठवण’ हा शब्द येऊ नये.

१८ फेब्रुवारी

भरणीचं गणित जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांनी नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर बसवलं. शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराला हे एका वाक्यात पटेल.

मागावर धोट्याच्या दर फेरीला एक कार्ड. भोक असलं तिथे सुई आत शिरते, हूक जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसलं तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. कार्डं दोरीने ओवून साखळी केलेली. समजा नक्षी २४० कार्डांची आहे आणि एका संध्याकाळची दहा कार्डं काढायची आहेत. तीन मार्ग.

पहिला, दहा काढून टोकं बांधून टाकणं. नक्षी चालू राहते, पण फूल दहा ओळींनी बसकं होतं. माणसाला संध्याकाळ आठवत नाही, तिचा अभावही जाणवत नाही. पण चपला ओल्या, खिशात बसचं तिकीट, पोटात भूक नाही. वस्तू आणि आठवण यांची सांगड तुटते. आळशी जाणता हेच करतो. आणि नक्षी जितक्या वेळा फिरून येते तितक्या वेळा तो दोष उमटतो. प्रसंग मंगळवारच्या बाजाराचा असेल तर दर मंगळवारी त्या वळणावर माणूस अडखळतो.

दुसरा, दहा कोरी कार्डं. एकही हूक उचलला जात नाही, आडवा धागा कशातच गुंफला जात नाही, कापडावर सुटा लोंबतो. वेळ गेल्याचं माणसाला कळतं, त्यात काय होतं ते नाही. बोट सारखं त्या सुट्या धाग्यात अडकतं. दुसऱ्या कथेतला पालवाला असा आहे.

तिसरा, शेजारच्या संध्याकाळची कार्डं पुन्हा ओवणं. सगळ्यात स्वच्छ दिसतो, म्हणून जाणत्यांना आवडतो. पण विणकराला यातली खोट लगेच कळेल: साध्या विणीत उभ्या धाग्यांमधली तीच वाट पुन्हा उघडली आणि धोटा त्याच वाटेने परत गेला, तर आडवा धागा काठाशी अडकत नाही, ओढला की निघून येतो. दोन सारख्या ओळींत एक वेगळी ओळ लागते. म्हणजे उसन्या संध्याकाळीत एक तरी खरी, त्याच दिवसाची बारीकशी गोष्ट गुंफावी लागते. ती नसली की भरणी काठाकडून उसवते. सहाव्या कथेतली भरणी अशीच उसवते: दोन्ही संध्याकाळी भाजीवालीने सुटे पैसे म्हणून तीच फाटकी नोट दिलेली.

भरणी कोणाच्या तोंडून सांगायची याचाही नियम झाला. लॉफ्टस आणि पिकरेल यांच्या १९९५च्या अभ्यासात २४ जणांना लहानपणचे तीन खरे प्रसंग आणि बाजारात हरवल्याचा एक खोटा प्रसंग दिला. सगळे घरच्यांनी सांगितले आहेत असंच त्यांना वाटत होतं. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना खोटाही थोडाफार आठवू लागला. परक्याने सांगितलेलं माणूस तपासतो, घरच्याने सांगितलेलं मनात पुरं करतो. म्हणून जाणता भरणी बायकोच्या किंवा भावाच्या तोंडून पेरतो, आणि पेरणाऱ्यालाही आपण ती पेरली हे कळत नाही.

२३ फेब्रुवारी

भाषा. हा भाग सोलापुरातच सुचू शकला असता. विणकराच्या घरात तेलुगू, पेठेत मराठी, शेजारी कन्नड, मित्रांत दखनी. भूल कुठल्या भाषेतली आठवण काढते?

मॅरियन आणि नायसर यांनी २००० साली रशियन आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांना दोन्ही भाषांत आठवणी विचारल्या. रशियनमध्ये विचारल्यावर रशियनमध्ये जगलेले प्रसंग जास्त निघाले, इंग्रजीत विचारल्यावर इंग्रजीतले. तेव्हा आमचा नियम: ज्या भाषेत सांगायला लावलं त्या भाषेतून प्रसंग पूर्ण जातो. दुसऱ्या भाषेत आकार उरतो (कुठे, कोणाबरोबर, जीव कसा झाला), शब्द उरत नाहीत.

सातव्या कथेतल्या विणकराला जाणत्याने मराठीत विचारलं आणि मराठीत भूल दिली. पेठेत तो शपथेवर सांगतो की काही झालंच नाही, आणि खोटं बोलत नाही. रात्री आई तेलुगूत विचारते तेव्हा त्याचा घास हातातच राहतो. पहिल्या खर्ड्यात त्याला तेलुगूत सगळं लख्ख आठवत होतं. ते चुकीचं, कारण प्रसंग घडताना काही तो फक्त तेलुगूत घडला नव्हता. आता त्याला फक्त दार आठवतं आणि भीती.

बोलीचा सापळा याहून बारीक. पुण्याच्या जाणत्याने केलेल्या भरणीत सोलापूरचा जिगरी दोस्त म्हणतो, ‘येतोय रे, थांब ना.’ खरा दोस्त म्हणाला असता, ‘येलालो बे, थांब की.’ भरणीतलं दृश्य, वास, उजेड सगळं बिनचूक आहे, फक्त दोस्त प्रमाण मराठी बोलतो. नेणत्याला ते खटकतं पण काय खटकतं ते सांगता येत नाही. तो दोस्ताला भेटल्यावर नुसता त्याचं बोलणं ऐकत बसतो. हा धागा वाचकाला समजावून सांगायचा नाही. सोलापूरच्या वाचकाला तो पहिल्या ओळीत कळेल, बाकीच्यांना तिसऱ्या पानावर कळला तरी चालेल.

२ मार्च

काढलेली आठवण जाते कुठे? नाहीशी होते म्हटलं तर उतारा अशक्य. बाटलीत, आरशात, पाण्याच्या भांड्यात ठेवणं झिजून गेलं आहे. चादरीत ठेवायची. एका घडीत एक प्रसंग. पांघरून झोपलं की दिसतो. मालिकेचं नाव त्यावरूनच.

मर्यादा लगेच लिहून ठेवल्या. पांघरणाऱ्याला तेवढंच दिसतं जेवढं मूळ माणसाने टिपलं. पाठीमागे कोण उभं होतं ते वळून पाहता येत नाही. आठवणीत हिंडून नवे पुरावे गोळा करणं ही या प्रकारच्या कथांतली मोठी फट आहे, कारण मग ती आठवण राहत नाही, चित्रफीत होते. दर धुण्याला कड पुसट होते: आधी आवाज जातात, मग चेहरे, वास शेवटी. पांघरताना पाय उघडे राहिले तर प्रसंगाचा शेवट कळत नाही.

आणि सोलापुरी चादरीचा गुण: उलट बाजूला तीच नक्षी रंग उलटून दिसते. उलटी पांघरली तर तोच प्रसंग खोडी काढणाऱ्याच्या नजरेने दिसतो. किल्लीवाल्याची चादर कोणीतरी थंडीत घाईने उलटी ओढून घेतो आणि आपणच ती किल्ली आखडली होती तेव्हा आपल्याला किती मजा वाटली होती हे त्याला आतून कळतं. आठव्या कथेचा मध्य हा. ‘मजा’ खरी वाटली पाहिजे, तिथे खोडकराला दुष्ट रंगवलं तर प्रसंग मरतो.

९ मार्च

कच्च्या वाचनातल्या चुका.

सहाव्या कथेत वाचक हरवला. कोणाला काय आठवतं आणि कोणाला काय माहीत आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खर्ड्यात त्या एकच धरल्या गेल्या होत्या. उपाय: प्रत्येक प्रसंगासाठी आडव्या ओळीत पात्रं, उभ्या ओळीत घटना, आणि चौकटीत चारच खुणा: पाहिलं, ऐकलं, गेलं, भरलं. ‘गेलं’ खूण असलेल्या पात्राच्या तोंडी ती घटना सूचकपणेही येता कामा नये. अशा तीन गळती सापडल्या.

तिसऱ्या कथेत भूल पडल्यावर पाण्याचा हंडा रिकामाच राहिला आणि घरात कोणी काही विचारलंच नाही. भूल माणसाला पडते, हंड्याला नाही.

पहिल्या कथेची किल्ली शेवटी पूर्ववत होते असं होतं. काढून टाकलं. खोडी उतरली तरी किल्लीवाल्याचं नाव उतरत नाही.

१६ मार्च

उताऱ्याचा अंतिम नियम. खूण दाखवून, वास देऊन, चादर पांघरून प्रसंग दिसतो, पण तो आपला वाटत नाही. दुसऱ्याचा पाहिल्यासारखा राहतो. आपला व्हायचा तर ज्याला आपण तो पूर्वी सांगितला होता त्याने तो आपल्याला परत सांगायला हवा, आपल्याच शब्दांत. जांबवान आणि काणभूती दोघंही इथे कामाला आले. यामुळे दहाही कथांत एक ऐकणारा माणूस लागतो. दुसऱ्या कथेत तो नव्हता. पालवाल्याला आता एक बहिरी आत्या दिली आहे. ती ओठ वाचते आणि वाचलेलं जसंच्या तसं सांगते.

दहावी कथा विड्या वळणाऱ्या घरातली. मुलगी नऊ वर्षांची, तिने सगळं पाहिलं आहे. तिने ते कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून तिची आठवण एकदाही ओली झालेली नाही. जाणता येतो, पायरीवर बसतो, आणि दहाव्यांदा तेच वाक्य, या वेळी ‘काकू’च्या जागी ‘बाळ’ आणि ‘घाबरू नकोस’. आख्ख्या मालिकेत एवढाच बदल. मुलगी सुपातली पानं कापत राहते. पत्र्याच्या मापाभोवती कात्री फिरण्याचा आवाज आठ ओळी चालतो. तो ‘मग?’ म्हणतो. तिने अजून काही सांगितलेलंच नाही.

‘मग?’नंतर पान कोरं सोडायचं. मुद्रितशोधकाला वेगळी चिठ्ठी: कोरी जागा चूक नाही, भरू नये.